रिक्त पदाची हजेरी

कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्या गावात ते सगळ्यात आधी वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांना कळतं. परवा दोरीवरचा सदरा काढला, तर पाठभर काजळीची नक्षी. सरूबाई, म्हणजे आमची मंडळी, दारातूनच म्हणाली, "आला बगा हंगाम. आता शिमग्यापतूर पांढरं घालू नगासा. तसंबी तुमाला काळंच शोभतं."

मळीचा तो आंबूस-गोड वास पहिल्या दिवशी नाकात बसतो, तिसऱ्या दिवशी घरचा होतो आणि आठव्या दिवशी वारा फिरून नाहीसा झाला तर चुकल्यासारखं वाटतं. दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर गाणी वाजवत, वाटेवर ऊस सांडत जातात. म्हशींच्या पुढ्यात उसाच्या शेंड्यांचं हिरवंगार वाढं पडतं. ओढ्याकडच्या फडाशेजारी बीडकडच्या तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. सकाळच्या धुक्यात त्या कोप्यांतून धूर, कोंबड्याचं आरवणं आणि तान्ह्या पोरांचं रडणं एकदमच बाहेर पडतं.

या वासानं लोकांना गुऱ्हाळ आठवतं, काकवी आठवते. मला एक अर्ज आठवतो. माझ्याच हातचा. आणि कान गरम होतात.

आमच्या सातारा-सांगलीकडं घरटी एक फौजी असतोच. आमच्या घरचा मी. चोवीस वर्षं फौजेत काढली, हवालदार होऊन आलो, गाव मला हवालदार आबा म्हणतं. सीमेवर होतो असं मी सांगतो, ते खोटं नाही. सीमेवर कचेरीही असते. शत्रूशी माझी गाठ कधी पडली नाही, कार्बन पेपरशी रोज पडायची. इतरांच्या अंगावर जखमांचे व्रण आहेत, माझ्या मधल्या बोटाला लेखणीचा घट्टा आहे. अक्षर मात्र छापील. त्या अक्षरानंच घात केला.

दोन-तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. मला रक्तदाबाच्या गोळ्या लागतात, त्या आमच्या उपकेंद्रात मिळतात. उपकेंद्र म्हणजे पिवळ्या रंगाच्या दोन खोल्या, एक खाट, एक वजनकाटा आणि शोभा सिस्टर. त्या सांगलीकडच्या. चाळिशीच्या, अंगानं किरकोळ, बोलणं तोफखान्यातलं. त्या हंगामात मी तीन वेळा गोळ्या आणायला गेलो आणि तिन्ही वेळा कुलूप. चौथ्या वेळी मी गोळ्या आणायला गेलोच नाही. घरी बसून अर्ज लिहिला. विषय : आरोग्यसेविका सतत गैरहजर असलेबाबत. खाली तपशील, फौजी पद्धतीनं. सोमवार, ११०० वाजता : कुलूप. बुधवार, १०३० वाजता : कुलूप. शुक्रवार, १५१५ वाजता : कुलूप, पायरीवर एक शेळी.

शेळीचा उल्लेख मला विशेष परिणामकारक वाटला होता.

अर्जाला सह्या मिळायला वेळ लागला नाही. कुणाचं बाळ तिष्ठत राहिलेलं, कुणाच्या आईची मलमपट्टी राहिलेली. सगळ्यांचा राग खरा होता, फक्त पत्ता चुकलेला होता. पण हे कळायला अजून अवकाश होता. आणि माझा तर तोवर असा अनुभव होता, की गावातल्या अर्जांना तालुका उत्तर देत नाही. या अर्जाला दिलं. सिस्टरांचा खुलासा मागवला आणि त्यांची पुढच्या वर्षाची नेमणूक रोखून धरली. सिस्टर कंत्राटी. दरसाल नवा कागद. जानेवारीअखेर कागद आला नाही, तर सिस्टर घरी बसणार.

ही बातमी मी चहाच्या टपरीवर स्वखर्चानं चहा पाजून सांगितली. यावरून माझा आनंद किती होता ते गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांची स्कूटी आमच्या अंगणात. मी छाती काढून बाहेर आलो.

"आबा, अर्ज तुमीच लिव्हलाय न्हवं?"

"व्हय. मीच लिव्हलाय."

"अक्षर लय झ्याक हाय. ऑफिसात सगळ्यांनी कौतुक केलं." त्या हसल्या नाहीत. "उद्या सातला तयार ऱ्हावा. मी कुठं असते ते सोताच्या डोळ्यानं बगा आनि लिहून घ्या. वेळ घालून. वाटंत शेळ्या दिसल्या तर त्याबी मोजा."

मागून सरूबाई खुदकन हसली. घर फितूर असलं की किल्ला पडतोच.

त्या दिवसाचा पहिला धडा असा, की बाईमाणसाच्या स्कूटीवर मागं बसलेला निवृत्त हवालदार हे दृश्य बघायला सगळं गाव उठतं. दुसरा धडा, लशीचा निळा डबा. आत बर्फ असतो, तो हलता कामा नये, म्हणून तो माझ्या मांडीवर. डिसेंबरातली सकाळ, मांडीवर बर्फ. सियाचीनला मी गेलो नाही, पण आता कुणी तिथल्या थंडीचं कौतुक सांगायला लागला, तर मलाही चार वाक्यं बोलता येतात.

आम्ही आमच्या गावात थांबलोच नाही. सरळ माळवाडी. तिथंही असंच पिवळं उपकेंद्र, तिथंही कुलूप. ते सिस्टरांनीच उघडलं, कारण माळवाडीची सिस्टर बदलून गेली होती आणि तिच्या जागी कुणी आलेलं नव्हतं. बाहेर बायका पोरं घेऊन उभ्या. त्यातली एक तोंडावरच म्हणाली, "आलासा व्हय? आमाला वाटलं वाट इसरला." सिस्टरांनी पोराची मांडी धरली, सुई टोचली, पोर रडायच्या आत जागा पुसली. तिथून कोप्यांवर. फडात एक सात महिन्यांची गरोदर बाई मोळ्या उचलत होती. तिला बांधावर बसवून सिस्टरांनी रक्तदाब बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. मुकादमाला हाक मारली. "हिला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्यायची. उद्या न्हाई, आज." मुकादम म्हणाला, गाडी भरली की बघतो. सिस्टर म्हणाल्या, "मंग मी हितंच बसते. गाडी भरू द्या, सांज होऊ द्या. मी काय उठत न्हाई." आणि खरंच बांधावर बसल्या. अर्ध्या तासात जीप आली. मी वहीत लिहिलं : १२४० वाजता, फडात, बसून.

तिसरं गाव पिंपळदरा. तिथलीही जागा मोकळी, तेही काम यांच्याकडं. गेल्या गेल्या एक निवृत्त मास्तर भेटले. मी फौजी म्हटल्यावर खूश झाले आणि पिशवीतून एक कागद काढून म्हणाले, "जरा नजर घाला बरं. उद्या तालुक्याला द्यायचाय." विषय : आरोग्यसेविका सतत गैरहजर राहत असलेबाबत. सोमवारी कुलूप, बुधवारी कुलूप. माझ्या अर्जातलेच वार. अक्षर माझ्याइतकं चांगलं नव्हतं, आणि शेळी नव्हती, एवढाच फरक.

मी तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मास्तरांना वाटलं, मी व्याकरण तपासतोय.

साडेतीनला सिस्टरांनी उभ्या उभ्या चपातीची गुंडाळी खाल्ली. नंतर पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढल्या, कारण मोबाईलला रेंज तिथंच येते आणि दिवसभराची नोंद मोबाईलात भरावी लागते. मी खालच्या पायरीवर डबा धरून. वरून त्या सहज म्हणाल्या, "माझी पोरगी बारावीला हाय आबा. मागल्या म्हैन्यात तापानं फणफणली, तवा मी ह्याच टाकीवर हुते. शेजारणीनं गोळी दिली."

मी माफी मागायला सुरुवात केली. फौजेत माफी मागायचा सराव राहत नाही, त्यामुळं वाक्य लांबलं.

"माफी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "डबा सरळ धरा."

मी काय चूक केली होती, ते मला फौजेच्या भाषेतच कळतं. फौजेत फॉलिन झालं, म्हणजे सगळे रांगेत उभे राहिले, की गिनती होते. एक जरी माणूस कमी भरला, तरी सगळी कंपनी उभी. चहा नाही, नाश्ता नाही. जो हजर आहे त्याला कुणी विचारत नाही, तू एकटाच कसा. जो नाही त्याला शोधतात. मी चोवीस वर्षं ती गिनती लिहिली. आणि गावात येऊन केलं काय? तीन जागा, एक माणूस. त्यातला जो एकटा हजर होता, त्यालाच गैरहजर लावला. दोन मोकळ्या जागांबद्दल एक ओळ नाही. क्लार्काच्या हातून याहून मोठी चूक होत नाही.

अर्ज मागं घ्यायला तालुक्याला गेलो. तिथला कारकून सज्जन माणूस. म्हणाला, "आबा, अर्ज आत येतो, बाहेर जात न्हाई. तोफेचा गोळा पुन्हा नळीत जातो व्हय?" त्याच्या डोक्यावर भिंतीला तक्ता होता. गावांची नावं, मंजूर पदं, आणि पुढं शब्द : भरलेले, रिक्त, रिक्त, भरलेले, रिक्त. 'रिक्त' हा शब्द किती देखणा आहे! एखाद्या संथ संध्याकाळचं नाव वाटावं. त्या शब्दाला कुणी जाब विचारत नाही, कारण तो गुळगुळीत आहे, हात लावला की निसटतो. 'बाई नाही' म्हटलं की भांडण होतं. 'पद रिक्त आहे' म्हटलं की टिपणी होते.

तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना भेटलो. तेही वाईट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "आबा, शासनस्तरावर पाठपुरावा सुरू आहे. आणि खरं सांगू का, हा जागतिक प्रश्न आहे. सगळ्या जगात आरोग्य कर्मचारी कमी पडतायत."

"साहेब, जग लय मोठं हाय," मी म्हटलं. "मी तीन गावांचं इचारतोय."

पण त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं, कारण ते खरं होतं आणि त्याचा पुरावा माझ्याच घरात होता. माझी भाची प्रियांका. नर्सिंग शिकली, जर्मन भाषा शिकली आणि जर्मनीला गेली. ती निघाली तेव्हा मामा म्हणून मी मोठा फ्लेक्स केला होता. हार्दिक अभिनंदन, तिचा फोटो, त्याहून मोठा माझा. लावायला मोक्याची भिंत एकच होती, उपकेंद्राची. तिथं तो असा घट्ट ताणून बसवला की उपकेंद्राची खिडकी झाकली गेली. आठ दिवस सिस्टरांनी दिवसा दिवा लावून काम केलं. गावची नर्स परदेशी गेल्याच्या आनंदात गावच्या नर्सचा उजेड बंद केलेला मी माणूस आहे.

त्या हंगामात प्रियांकाला फोनवर विचारलं, "तिकडं तरी बरं हाय का गं?"

"मामा, हितं पण मान्सं न्हाईत. सगळी म्हातारी झालीत, आनि बघायला कोन न्हाई. माझ्या वॉर्डात एक केरळची, एक फिलिपिन्सची आनि मी. दमून जातो."

हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडं कारखाने एकमेकांच्या तोडणीच्या टोळ्या पळवतात. ज्याच्याकडं टोळी कमी, तो जास्तीचं आमिष दाखवून शेजारच्याची टोळी उचलतो. मग शेजारचा त्याच्या शेजारच्याची. शेवटच्या कारखान्याच्या वाट्याला न तोडलेला उभा ऊस आणि त्याला फुटलेला तुरा. जगाचं दवाखान्यांचं असंच चाललंय. श्रीमंत देश आमची टोळी नेतात, शहरं तालुक्याची नेतात, आणि साखळीच्या शेवटी माळवाडीची बाई पोर कडेवर घेऊन कुलपाकडं बघत उभी राहते. पळून गेलेल्या टोळीला शिव्या देऊन उपयोग नसतो. प्रियांकाला मी परत ये म्हणणार नाही. तिच्या कष्टाचं तिला मिळतंय, ते मिळू दे. पण जगभर कमी आहेत म्हणून गप्प बसा, हेही ऐकणार नाही. जगभर कमी आहेत याचा अर्थ जास्त घडवा, घडवलेल्यांना नीट ठेवा, कंत्राटाच्या दोरीला लटकवू नका. पाऊस जगभर कमी झाला म्हणून दुष्काळी आटपाडीच्या माणसानं पाणी मागायचं सोडलं असतं, तर आज तिथं डाळिंबं दिसली नसती.

तेव्हा आम्ही फॉलिन केलं.

गावातले माझ्यासकट अकरा फौजी पेन्शनर जमवले. त्यात तुका नाईक. वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. त्यानं शेतात बैलाला हाक मारली तर शिवेपलीकडचा बैल थांबतो. ठरलं असं, की दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, दहा वाजता तालुक्याच्या आरोग्य कचेरीपुढं रांगेत उभं राहायचं. घोषणा नाही, दगड नाही, गळ्यात हार नाही. फक्त हजेरी घ्यायची. रिक्त पदांची.

पहिल्या सोमवारी आम्ही मेडल लावून, टोप्या घालून गेलो, तर सुट्टी; कचेरी बंद आणि बाजारही भरला नव्हता. तारीख बघायचं काम माझ्याकडं होतं. तुका नाईक म्हणाला, "आलोय तर घिऊ उरकून." आम्ही बंद फाटकापुढं पूर्ण हजेरी घेतली. एक कुत्रं ऐकत होतं.

दुसऱ्या सोमवारी मात्र बाजार भरलेला होता. तुका नाईकानं श्वास ओढला.

"माळवाडी, आरोग्यसेविका!"

आम्ही बाकीचे दहा जण एका आवाजात, "गैरहजर!"

"पिंपळदरा, आरोग्यसेविका!"

"गैरहजर!"

"आमचं गाव, शोभा सिस्टर!"

"हजर! तीन जागी हजर!"

भाजीवाल्या बायका उभ्या राहिल्या. कचेरीच्या खिडक्या उघडल्या. सावधानमध्ये उभं राहून अर्धा तास काढायचा बेत होता, पण आमच्यातल्या तिघांना मध्येच लघवीला जावं लागलं, त्यामुळं आमचीच गिनती जमेना. एक भाजीवाली ओरडली, "आवं बाबा, तुमचंबी पद रिक्त झालं की!" बाजार हसला. पण पुढच्या सोमवारी तीच बाई तिच्या गावचं नाव घेऊन रांगेत उभी राहिली. "आमचीबी घ्या हजेरी. आमचा डाक्टर दोन वरसं न्हाई." त्यानंतर पिंपळदऱ्याचे मास्तर आले, स्वतःचा अर्ज फाडून. जानेवारीच्या मध्याला तुका नाईकाच्या यादीत इतकी गावं झाली, की त्याला मधे पाणी प्यावं लागे.

घरी सरूबाई टोमणा मारायची. "फौजेत काय नुसती हजेरीच घेत हुता व्हय?" मी म्हणायचो, व्हय. ती म्हणायची, "मंग हेच एक काम तुमाला येतंय. तेवढं तर नीट करा." आणि सोमवारी इस्त्रीचा सदरा काढून ठेवायची.

यंदा माळवाडीला आटपाडीकडची एक पोरगी रुजू झालीय. कायम नेमणूक, धीट डोळे, सायकलसारखी स्कूटी हाणते. पिंपळदरा अजून रिक्त. आम्ही अकरातले नऊ उरलोय. गेलेल्या दोघांपैकी एकाला वेळेवर दवाखाना मिळाला असता तर तो आज रांगेत असता, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. कुलूप कसलीही नोंद ठेवत नाही.

पण मी सांगत होतो त्या जानेवारीचं. महिना संपत आला, सिस्टरांचा कागद आलेला नव्हता. साहेबांनी मला बोलावून चहा पाजला. म्हणाले, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सिस्टरांचा जाहीर सत्कार करू, नेमणुकीचा कागदही तिथंच देऊ. तुम्हा माजी सैनिकांनाही मंचावर बसवू. "मग आबा, ते सोमवारचं थांबवाल ना? चांगलं दिसत नाही."

आता इथं एक कबुली. सत्कार हा माझा दुबळा कोपरा आहे. शाल दिसली की माझी मान आपोआप पुढं झुकते. सिस्टरांचा कागद मिळतोय, आपल्याला मंच मिळतोय. मी हो म्हणालो. तुका नाईकाला विचारलंसुद्धा नाही.

सव्वीसला मैदान भरलं. मी मंचावर, दुसऱ्या रांगेत, काजळी न पडलेल्या सदऱ्यात. तबकात शाल, नारळ आणि एक खाकी पाकीट. निवेदकानं सिस्टरांना त्यागमूर्ती म्हटलं, देवदूत म्हटलं. सिस्टर ड्यूटीच्या साडीत, खांद्याला पिशवी. साहेब शाल उलगडून पुढं झाले. सिस्टर म्हणाल्या, "दोन शब्द बोलू का आधी?" आणि माईक घेतला.

"मी देवदूत न्हाई. देवदूताला पंख असत्यात, मला एक स्कूटी हाय. मी हितं शाल घ्यायला हुबी हाय, म्हंजे आत्ता तीन गावांत कुलूप हाय. माळवाडीत एका बाईचे दिस भरलेत. तवा मी निघते."

मग त्यांनी तबकातलं खाकी पाकीट स्वतःच उचललं, उघडून बघितलं, शिक्का बघितला, सही बघितली, आणि पिशवीत घातलं. "ह्ये घेते साहेब. ह्ये माझ्या कामाचं हाय. शाल ऱ्हाऊ द्या."

मंचाच्या पायऱ्या त्या भराभर उतरल्या. मग स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ भाजीवाल्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

साहेब उलगडलेली शाल घेऊन उभे. फोटोवाला कॅमेरा रोखून उभा. शाल कुणाच्या तरी खांद्यावर पडायलाच हवी होती, आणि सगळ्यात जवळचे खांदे माझे होते. साहेब वळले. खोटं बोलत नाही, मान झुकली. सवयच ती. शालीची कड कानाला लागलीसुद्धा.

मग मी मान वर केली आणि दोन पावलं मागं सरलो.

"आबा," साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं?"

"ठरवलं हुतं ते मी एकट्यानं ठरवलं हुतं, साहेब. चुकलं माझं," मी म्हणालो. "सोमवारी येतो."